नाल उतरल्यानंतरचे वर्ष

दख्खनमध्ये घोडा दोन दारांनी येत असे. एक दार समुद्रावरचे. अरबस्तानातून आणि होर्मुझहून गलबतांत चढवलेले घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि घाट चढून विजयनगरला, विजापूरला जात. या व्यापारावरील जकात हे पोर्तुगीजांचे मोठे उत्पन्न होते. दुसरे दार तापीकाठचे बुऱ्हाणपूर. उत्तरेकडून येणारे लष्कर याच शहरातून दक्षिणेत उतरे, म्हणून त्याला दक्षिणेचे द्वार म्हटले गेले. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि फारुकींची ही राजधानी मोगलांच्या दख्खन मोहिमांचे ठाणे झाली. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या घोडदळाने या शहराचा बहादुरपुरा लुटला, तेव्हा लुटणारे आणि लुटले जाणारे दोघेही घोड्याच्या टापेवरच अवलंबून होते.

त्या टापेखालचे लोखंड किती मोलाचे होते, याची साक्ष आपल्या भाषेतच आहे. ‘नाल’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ पादत्राण. त्याला फारसी ‘बंद’ जोडून नालबंद झाला. मराठी दप्तरांत ‘नालबंदी’ दोन अर्थांनी भेटते. एक, घोड्याला नाल ठोकण्याचे काम. दुसरा, मोहिमेपूर्वी घोडा सज्ज करण्यासाठी शिलेदाराला दिलेली आगाऊ रक्कम. लढाईच्या खर्चाचे नावच नालेवरून पडावे, एवढे ते लोखंड अपरिहार्य मानले जाई.

लष्करे गेली आणि टांगे आले. बुऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक जुन्या तटबंदीच्या शहरापासून दूर, लालबागेत आहे. शनवारा किंवा इतवारा दरवाजापाशी राहणाऱ्या माणसाला गाडी गाठायची तर एकेकाळी टांगाच करावा लागे. पुढे मध्य भारतातील बहुतेक शहरांत घडले तेच येथेही घडले. रिक्षांनी टांग्यांना मागे सारले. टांगा बंद झाला की लाकूड-लोखंड भंगारात जाते, घोडा मात्र मागे उरतो. त्याचे पुढे काय करावे, या प्रश्नाचे पहिले उत्तर बहुधा एकच असते: नाल काढून टाका आणि सोडा त्याला मोकळा.

घोडे पेंड खाते ते नेमके येथे. नाल काढायला पक्कड हाती असलेल्या नालबंदाला पायागणिक काही मिनिटे लागतात. त्याखाली जो खूर उघडा पडतो, तो मात्र उघड्यावर चालण्याच्या लायकीचा राहिलेला नसतो. दोन-चार दिवसांत घोडा काट्यांवरून चालल्यासारखा पाऊल टाकू लागतो, मालक घाबरतो, आणि आठवड्याच्या आत पुन्हा खिळे ठोकले जातात. ‘आमच्या घोड्याला अनवाणी चालणे मानवले नाही’ हा निष्कर्ष त्यातून निघतो. घोड्याला मिळालेला अवधी आठ दिवसांचा आणि खुराला लागणारा अवधी जवळजवळ वर्षाचा, हे गणित कोणी मांडलेले नसते.

हे गणित समजून घेण्यासाठी घोड्याचा पाय उचलून खालून पाहिला पाहिजे. बाहेरच्या बाजूने दिसते ती खुराची भिंत. ती आपल्या नखासारख्याच पदार्थाची, केराटिनची असते आणि जेथे केस संपतात त्या रेषेतून खाली वाढत येते. भिंतीच्या आत किंचित खोलगट तळवा असतो. तळव्याच्या मागच्या अर्ध्या भागात बाणाच्या टोकासारखा एक लवचीक त्रिकोण दिसतो. इंग्रजीत त्याला ‘फ्रॉग’ म्हणतात. त्याच्यावर, आतल्या बाजूला, तंतूंची आणि कूर्चेची गादी असते. खुराच्या पोटात पायाचे शेवटचे हाड असते आणि ते असंख्य बारीक पापुद्र्यांनी भिंतीला आतून बिलगलेले असते. घोड्याच्या अंगभाराचा सुमारे साठ टक्के वाटा पुढच्या दोन पायांवर पडतो, हे लक्षात घेतले की या पापुद्र्यांच्या पकडीचे महत्त्व कळते.

निरोगी अनवाणी पाय जमिनीला टेकतो तेव्हा टाच आधी टेकते किंवा सबंध खूर एकाच वेळी टेकतो. टाचा किंचित फाकतात, त्रिकोण दाबला जातो, आतली गादी धक्का शोषून घेते आणि खुरातील रक्त वर ढकलले जाते. पाय उचलला की सारे पूर्ववत होते. ही हालचाल मिलिमीटरभराची असली तरी दिवसातून हजारो वेळा होते, आणि खुराचा मागचा भाग याच व्यायामावर पोसला जातो.

नालेने या व्यवहारात बदल होतो. लोखंडाची ताठ पट्टी भिंतीच्या कडेला जखडली की वजन मुख्यत्वे त्या कडेवर येते. तळवा आणि त्रिकोण जमिनीपासून उचलले जातात. चांगला नालबंद खिळे खुराच्या पुढच्या अर्ध्यातच ठोकतो आणि टाचांना फाकायला जागा ठेवतो. घाईचे काम करणारा तेवढे पाहत नाही. वर्षानुवर्षे नाल वागवलेल्या पायात मग टाचा जवळ येतात, त्रिकोण सुकून बारीक होतो, गादी अशक्त राहते, तळवा पातळ पडतो. याचा अर्थ नाल वाईट असा नव्हे. खडीच्या रस्त्यावर रोज वीस किलोमीटर ओझे ओढणाऱ्या घोड्याची भिंत वाढते त्याहून लवकर झिजते आणि ती झीज लोखंडाने स्वतःवर घेतली नाही तर घोडा उभाच राहू शकत नाही. मोडलेल्या, भेगाळलेल्या किंवा आजारी खुराला आधार म्हणूनही पशुवैद्य विशिष्ट आकाराचा नाल सुचवतात. पण नाल उतरवताना आपण केवळ लोखंड काढत नसून वर्षानुवर्षांचा आधार काढत आहोत, याची जाण हवी.

मोठ्या घोड्याचा खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. केसांच्या रेषेपासून पुढच्या टोकापर्यंतची भिंत संपूर्ण नवी व्हायला नऊ ते बारा महिने लागतात. टाचेची उंची कमी, म्हणून तेथे चार-सहा महिन्यांत नवा खूर जमिनीला पोचतो. जुन्या खिळ्यांची भोके दोन-तीन महिन्यांत झिजून किंवा कापून निघून जातात, आणि तेवढ्यावर पुष्कळ जण समाधान मानतात. प्रत्यक्षात तोवर नवी भिंत वाटेत अर्ध्यावरही आलेली नसते. तळवा जाड व्हायला आणि मागची गादी सशक्त व्हायला तर त्याहून अधिक धीर लागतो. कारण ती केवळ वाढीने होत नाही, चालण्याने होते.

पहिल्या काही आठवड्यांत घोड्याकडून काम घ्यायचे नाही, हा नियम कठोरपणे पाळावा लागतो. काम नाही म्हणजे हालचाल नाही असे मात्र नाही. आपल्याकडील मोठी चूक येथेच होते. विश्रांती द्यायची म्हणून घोड्याला अगाडी-पिछाडी लावून ठाणबंद केले जाते. एका जागी चोवीस तास उभ्या असलेल्या पायात रक्ताभिसरण मंदावते, खाली मूत-लीद साचते आणि त्रिकोणाच्या खाचांत काळी, दुर्गंधी येणारी सड सुरू होते. अशा घोड्याला कोरड्या, मऊ जमिनीचे आवार द्यावे, चारा एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला ठेवावे, म्हणजे तो आपल्या गतीने दिवसभर पावले टाकत राहतो. ही युक्ती फुकटची आहे आणि कोणत्याही औषधाहून उपयोगी आहे.

नंतर हाताने धरून फिरवणे. प्रारंभी दहा-पंधरा मिनिटे पुरेत. येथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. नुकत्याच अनवाणी झालेल्या घोड्याला सपाट डांबरी रस्ता त्रास देत नाही. त्रास देते ती सुटी खडी. डांबरावर भार सबंध खुरावर सारखा पसरतो, तर एकच टोकदार खडा पातळ तळव्यात थेट रुततो. म्हणून आधी माती, मग गुळगुळीत सडक, मग बारीक मुरूम आणि सर्वांत शेवटी खडी, असा क्रम धरावा. आवाराच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या हौदाभोवती, गोलसर बारीक गोट्यांचा थर टाकला तर घोडा पाणी पिताना आपोआप त्यावर उभा राहतो आणि तळव्याला सौम्य दाब मिळतो. ही क्लृप्ती आजकालची नाही. नालेचा प्रसार होण्याच्या कित्येक शतके आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, ग्रीक सेनानी झेनोफोन याने अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात घोड्याचे खूर कणखर व्हावेत म्हणून अंगणात गोल दगड अंथरण्याचा सल्ला दिला आहे.

घोड्याचे चालणे वाचता आले पाहिजे. हा प्राणी मुळात शिकार होणाऱ्यांपैकी. कळपात दुखणे दाखवणारा आधी मारला जातो. त्यामुळे तो वेदना लपवतो. पावले आखूड पडू लागणे, रस्त्याची कडेची माती शोधणे, वळताना कचरणे, उभे असताना पुढचे पाय आळीपाळीने हलके करणे, टाचेऐवजी टोक आधी टेकवणे: यातले काहीही दिसले तरी मागच्या पायरीवर यावे. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटे ठेवली तर नाडी लागते. निरोगी घोड्यात ती मुश्किलीने जाणवते. ती ठणठणीत उडत असेल आणि खूर गरम लागत असेल तर आत दाह आहे असे समजून पशुवैद्याला बोलवावे. ‘सवय होईल’ म्हणून तशाच घोड्याला चालवणे ही क्रूरता आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

परदेशात या काळासाठी खुराचे बूट वापरतात. रबराचा तळ आणि आत मऊ गादी असलेले हे बूट फिरवताना चढवायचे आणि ठाणावर आल्यावर काढायचे. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत आणि मापाचे नसतील तर घासून जखमा करतात. टांग्याच्या उत्पन्नावर जगलेल्या घराला ते परवडतीलच असेही नाही. ज्याला बूट शक्य नाहीत त्याने वेळ अधिक द्यावा.

तासणी हा स्वतंत्र विषय आहे. नाल ठोकण्यासाठी खूर सपाट करणारा हात आणि अनवाणी चालण्यासाठी खूर घडवणारा हात यांचे काम वेगळे. पहिल्याला तळवा खरवडून स्वच्छ, पांढरा दिसलेला आवडतो. अनवाणी घोड्याच्या बाबतीत तोच तळवा त्याचे जोडे असतो. त्यावरचा प्रत्येक मिलिमीटर राखायचा असतो. सुरी शक्यतो तळव्याला लावू नये. भिंतीची खालची कड कानशीने गोलसर करावी, म्हणजे ती चिरफळत नाही, आणि लांबलेले टोक मागे आणावे. दर चार ते सहा आठवड्यांनी थोडे थोडे करावे. एकदम पुष्कळ कापले की घोडा पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. टांगे कमी झाले तसे नालबंदही कमी झाले, आणि उरलेल्यांतील अनेकांच्या हाती वडिलांनी शिकवलेली एकच रीत आहे. लष्कराच्या मेरठ येथील रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात या कामाचे शिस्तशीर प्रशिक्षण मिळते, पण ते सैन्यापुरते. गावातल्या नालबंदाला हे नवे काम शिकवण्याची सोय क्वचितच आढळते. त्याला यातून वगळणे मात्र चुकीचे ठरेल. पाय उचलण्याची, घोड्याला शांत ठेवण्याची आणि खुराची जात हाताने ओळखण्याची विद्या त्याच्याकडेच आहे.

खूर पायाला असला तरी तो घडतो तोबऱ्यात. कष्टाच्या घोड्याला हरभरा, बाजरी, गूळ आणि गव्हाचा कोंडा देण्याची आपली पद्धत आहे. काम थांबल्यावरही तोच तोबरा चालू राहिला तर पिष्ट आणि साखर अंगावर येते. त्यातून पापुद्र्यांचा दाह होऊ शकतो. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. त्यात भिंतीची पकड सुटते आणि आतले हाड तळव्याकडे कलते. असा घोडा अनवाणीच काय, कसाही चालू शकत नाही. नुसत्या कोंड्यावर भर दिला तर फॉस्फरस वाढून कॅल्शियमचा तोल जातो आणि हाडे ठिसूळ होतात. म्हणून काम सुटताच धान्य आणि गूळ हळूहळू कमी करावे, सुका चारा वाढवावा आणि तांबे व जस्त यांचा पुरवठा पशुवैद्याच्या सल्ल्याने करावा. बायोटिन या जीवनसत्त्वाचा बराच बोलबाला आहे. लिपिझानर जातीच्या घोड्यांना रोज २० मिलिग्रॅम बायोटिन देऊन केलेल्या अभ्यासात खुराचा दर्जा सुधारला, पण सुधारणा दिसायला नऊ महिने लागले. म्हणजे येथेही भिंत वर तयार होऊन खाली येण्याचीच वाट पाहावी लागली.

नाल केव्हा उतरवावा हे ठिकाणावर ठरते. बुऱ्हाणपूरच्या परिसरातील काळी जमीन पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात दगडासारखी टणक होऊन तडकते. पावसात भिजलेला खूर मऊ पडतो, भिंत सैल होते, सड लवकर धरते. अरबस्तानाच्या कोरड्या वाळूत घट्ट झालेले खूर घेऊन गोव्याच्या बंदरात उतरलेल्या घोड्यांचे कोकणातील पहिल्या पावसाळ्यात काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येईल. तापीच्या खोऱ्यात काय किंवा गोव्यात काय, पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास प्रारंभ करणे शहाणपणाचे. पुढचे सात-आठ कोरडे महिने हाताशी राहतात. पावसाळा लागला की आवाराचा निदान एक भाग उंच, निचऱ्याचा आणि मुरमाचा ठेवावा आणि पाय रोज उचलून साफ करावेत.

कामाचा घोडा कायम अनवाणी राहू शकतो का, हा यापुढचा प्रश्न. जगाच्या अनुभवात दोन्ही उत्तरे सापडतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या संघाने अडथळ्यांच्या उडीत सांघिक सुवर्ण मिळवले, तेव्हा त्या संघातील ‘ऑल इन’ आणि ‘किंग एडवर्ड’ हे दोन घोडे बिननालेचे धावले. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या पोलिसांनी आपल्या अश्वदलाचे नाल काढून घोडे शहरी रस्त्यांवर वापरले. मात्र या घोड्यांमागे पशुवैद्य, तासणी करणारे तज्ज्ञ, मोजका आहार आणि मुख्य म्हणजे घाई नसलेला मालक असतो. टांगेवाल्याची रोजची कमाई हाच त्याचा आणि घोड्याचाही चारा. सहा महिने काम बंद ठेव, असे त्याला सांगणे सोपे आहे. त्या सहा महिन्यांचा खर्च कोण देणार, हे सांगणारा कोणी भेटत नाही. अशा घोड्याला तीन-चार आठवड्यांनी नीट बसवलेला, योग्य मापाचा नाल अधिक दयाळू ठरतो. मालकाला उसंत असेल त्या हंगामात, म्हणजे काम मंद असताना, नाल काढून पायांना काही महिने मोकळे ठेवणे हा मधला मार्ग आहे.

पायाखालचा रस्ता घोड्याच्या मालकाने निवडलेला नसतो, ही आणखी एक अडचण. माथेरानमध्ये लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम सुरू झाले तेव्हा उतारावर घोडे घसरतात अशी तक्रार तेथील अश्वपालांनी केली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घोड्याच्या पायाचा विचार रस्त्याच्या आराखड्यात करावा लागतो, एवढे त्या वादाने पुढे आणले. कायद्यात कष्टाच्या जनावरांविषयी तरतूद आहेच. ओढकाम करणाऱ्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनुसार दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक, विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत त्यांच्याकडून काम घेता येत नाही. पारा चाळिशी ओलांडतो त्या बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात हा नियम पाळला तरी खुरांचे निम्मे हाल कमी होतील.

कामावरून कायमच्या उतरलेल्या घोड्याची गोष्ट वेगळी आहे. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला, तेव्हा गाडीवानांबरोबर घोड्यांच्या पुनर्वसनाचाही प्रश्न उभा राहिला. टांगे बंद पडणाऱ्या प्रत्येक शहरात तो लहान प्रमाणावर उभा राहतो. अशा घोड्याला यापुढे ओझे ओढायचे नसते, त्यामुळे त्याच्याजवळ ते एक वर्ष असते. त्याचे नाल जरूर उतरवावेत, आणि त्याला ज्यांच्या हवाली करायचे त्यांना आवार, चारा आणि तासणी यांचा वर्षभराचा हिशोब आधी विचारावा.

नाल काढल्यावर सुमारे दोन-तीन महिन्यांनी केसांच्या रेषेखाली खुरावर एक बारीक वळ उमटलेली दिसते. तिच्या वरचा खूर किंचित निराळ्या, अधिक उभ्या कोनात येत असतो; तो नव्या आहारावर आणि नव्या चालीवर घडलेला. महिन्याकाठी ही वळ सेंटिमीटरभरापेक्षा थोडी कमीच खाली सरकते. मालकाने दर तासणीच्या वेळी तिचे अंतर काडीने मोजून ठेवावे. ती जमिनीला टेकेपर्यंत घोड्याला खडीच्या रस्त्यावर नेऊ नये.